दोरीच्या काटकोनाची सिद्धता

मळवली, ८ फेब्रुवारी १९३४

आज मास्तरांच्या घराचा पाया आखला. तीन, चार, पाच हातांवर गाठी मारलेली दोरी त्रिकोणात ताणली की कोपरा काटकोनात येतो, हे आम्हा गवंड्यांना ठाऊक. मास्तरांनी मातीत प्रमेय काढून त्याचं कारण सांगितलं. माझं मन तिथंच अडकलं.

"मास्तर, काटकोन असला तर बाजू तशा, हे पटलं. मी तर बाजूंवरून काटकोन धरतो. ते कुटं सिद्ध झालं?"

"मग करा की तुम्ही!" ते हसले.

इतकी वर्षं मी नुसत्या भरवशावर कोपरे काढले? दिवसभर दोरी हातातच. संध्याकाळी सुचलं. शेजारी एक बाजू तीन हात, दुसरी चार हात असा खरा काटकोन काढायचा. त्याची तिसरी बाजू प्रमेयानं पाचच. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे त्रिकोण सारखे, म्हणजे माझाही कोन काटकोनच!

हे सांगितलं तसे मास्तर उठून उभे राहिले. "भाऊ, उद्या वर्गात हे तुम्हीच सांगा."

दुसरी पास माणूस मी, हो म्हणून बसलोय. बायकोला लग्नातला कोट काढायला सांगितलाय.