लाभ, दोन, तीन

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदूरघाट,
२० नोव्हेंबर २०२३

ती. स्व. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. तेजूचा विषय निघाला की मला बोलवत नाही आणि मग तूही रडतेस. कागदावर बरं पडतं.

लेक गेल्यावर कसली दिवाळी, केली नाही. दुकान मात्र चालू आहे. सोयाबीन येऊन गेलं, आता ज्वारीची वाट बघतोय. काटा इलेक्ट्रॉनिक असला तरी जुनी माणसं अजून मापानंच ज्वारी मागतात.

एक गोष्ट कळवायची राहिली. तेजू पोत्यांवर बसून मला मापं टाकताना ऐकायची, हे तुला माहीत आहे. आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. सातवीच्या मुलींना मधल्या सुट्टीत पहिलीची लेकरं सांभाळायला दिली होती, तेव्हा तिनं त्यांच्यासाठी त्याचंच गाणं केलं. लाभ चिमणीला, दोन मुंगीला, तीन कोंबडीच्या पिलाला, असं दहापर्यंत. शब्द तिचे, चालही तिचीच. बद्रीनाथ सरांनी ते तिच्याच आवाजात शाळेत भरून घेतलं होतं.

डेंग्यूनं ती गेल्यावर शाळेनं ते रोज सकाळी प्रार्थनेआधी भोंग्यावर लावायला सुरुवात केली. शाळा आपल्या दुकानासमोरच. तेजूची आई दुकानाच्या मागच्या, घराकडच्या दारात उभी राहून ऐकते. गाणं झाल्याशिवाय चहा घेत नाही. आपल्या घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत अक्का, आवाज एकही नाही. भरून घ्यायला गेलं की ती लाजून पळायची.

आता ते गाणं शाळेच्या छापील जाहिरातीत आलंय. जिल्हा पातळीवर त्याला बक्षीसही मिळालं. खाली लिहिलंय, शब्द व चाल : संस्था परिवार. तिचं नाव कुठंच नाही. काय करावं सुचत नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
शिवशरण

---

माजलगाव,
१ डिसेंबर २०२३

चि. शिवशरण यास,
सत्यशीलाचे अ. उ. आ.

काय करावं सुचत नाही म्हणतोस? अरे, जाऊन माग. तोंड काय नुसतं पेढे खायला दिलंय का देवानं? लहानपणी तुझी गोटी कुणी नेली तरी मलाच भांडायला पाठवायचास. आता मी धरणापलीकडून किती भांडू?

पैसे मागू नकोस, भांडू नकोस. एवढंच म्हण की गाणं लागायच्या आधी तिचं नाव घ्या. कुमारी तेजश्री, इयत्ता सातवी. त्यांचं काय जातंय? लग्नपत्रिकेत लेकीचं नाव छापायचं होतं, ते राहिलं. हे तरी तिच्या नावावर राहू दे.

इकडे ऊसतोड जोरात आहे. हे कारखान्यावरून उशिरा येतात आणि जेवताना तेजूची आठवण काढतात. मागच्या उन्हाळ्यात तिनं यांना आत्याबाईंचे नवरोबा म्हणून हाक मारली होती, ती यांच्या अजून मनात आहे.

भावजयीला म्हणावं, चहा लवकर घेत जा, पित्त वाढतं. जवळ नाही, पण दूरही नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का

---

नांदूरघाट,
१४ डिसेंबर २०२३

ती. स्व. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे जाऊन आलो. तेजूची आई जाऊ नका म्हणत होती. लागतंय तर लागू द्या, हात घालू नका, हाय ते बी जाईल, असं तिचं म्हणणं. तरी गेलो.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा शाळेतच होते. चहा पाजला. तेजूबद्दल दोन शब्द चांगले बोलले, गावाची लेक होती म्हणाले. मग मी नावाचं काढलं. त्यावर ते म्हणाले, शिवशरण, फळ्यावर लिवलेलं कुणी घरी नेतं का बे? शाळेत केलं ते शाळेचं. जागा आमची, भोंगा आमचा, शिकवलं आमच्या सरांनी. आज तुझ्या पोरीचं नाव घेतलं की उद्या भिंतीवरची चित्रं काढणारी समदी पोरं रांग लावतील.

मी म्हणालो की लाभ हा शब्द सरांनी शिकवलेला नाही, तो माझ्या दुकानातला आहे. त्यावर ते हसले. म्हणाले, मग दुकानाचं बी नाव टाकू का? बाकीचे सगळे हसले. बद्रीनाथ सर हजेरीपटात बघत राहिले.

शेवटी तिच्या आवाजाची एक प्रत मागितली. त्यासाठी समितीपुढं ठराव घ्यावा लागतो म्हणाले. मी बरं म्हणून आलो. मला पुढं बोलता येत नाही अक्का, तुला ठाऊक आहे.

गाणं मात्र रोज लागतं. तेवढं आहे.

थंडी आहे, जपून राहा. आठवण काढतेस तशी काढत जा.

तुझा,
शिवशरण

---

माजलगाव,
१२ जानेवारी २०२४

चि. शिवशरण यास,
अ. उ. आ.

संक्रांतीचा तिळगूळ पोस्टानं पाठवते आहे. यंदा सण नसला तरी तोंडात एक दाणा टाका.

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. केजला लग्नात यांची आप्पांशी गाठ पडली. यांनी चार माणसांत विषय काढला. म्हणाले, आमच्या भाचीच्या गाण्यावर बक्षीस घेता आणि नाव घ्यायला लाजता होय? आप्पांनी यांना बाजूला घेतलं. मग म्हणाले, बघतो, वाद नको, मार्ग काढतो.

आता नाव लागेल बघ. सव्वीस जानेवारीला मुलं गाणार असतील, तेव्हाच घेतील. तू आणि भावजय दोघंही झेंड्याला जा. तिचं नाव ऐकलं की मला लगेच कळव.

आशीर्वाद आहेतच, वेगळे काय लिहू.

तुझी,
अक्का

---

नांदूरघाट,
३० जानेवारी २०२४

ती. स्व. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. आम्ही दोघं झेंड्याला गेलो होतो. तेजूच्या आईनं तिच्या आवडीची पिवळी साडी नेसली होती. आप्पांनी मार्ग काढला. भोंग्यावर गाणं लागलं, पण आवाज दुसरा होता. चहावाल्या हनुमानच्या मुलीकडून, स्वप्नालीकडून त्यांनी नव्यानं भरून घेतलंय. सुरुवातीला लाभ नाही, एक आहे. एक चिमणीला. म्हणजे आता ते आपलं म्हणायला जागाच राहिली नाही.

स्वप्नाली चांगलं गाते. तिचा काही दोष नाही. तेजूच्या आईनं पूर्ण ऐकलं.

संध्याकाळी बद्रीनाथ सर दुकानात आले. आप्पांनी जुनं गाणं शाळेच्या कॉम्प्युटरवरून आणि सगळ्यांच्या मोबाइलवरून काढून टाकायला लावलं, असं म्हणाले. त्यांच्याकडंही नाही. नोकरी आहे, लेकरं आहेत. मी त्यांना बसा म्हणालो. ते बसले नाहीत.

भाऊजींना काही बोलू नकोस, तूही मनाला लावून घेऊ नकोस. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. नाव मागायला आधी मीच गेलो होतो.

तेजूची आई सकाळी मागच्या दाराशी जात नाही. उठल्याबरोबर चहा घेते. पहिलीची लेकरं मात्र शाळा सुटल्यावर दुकानासमोरून अजून लाभ चिमणीला म्हणत जातात. त्यांना तिनंच शिकवलं होतं. गुरुजी दटावतात, तरी ती एक म्हणायचं विसरतात. जूनमध्ये ही दुसरीत जातील आणि नवी पहिली येईल. ती एकनंच सुरू करील.

एक काम आहे. मागच्या राखीला तिनं भाऊजींच्या मोबाइलवर बोलून काहीतरी पाठवलं होतं, असं तिची आई म्हणते. दोन शब्द असतील, चार असतील. तो मोबाइल आहे का, बघ. असला तर कुणाला न सांगता मला पाठव.

नसला, तर तसं लिहू नकोस. दुसरं काहीही लिही.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
शिवशरण