क्षितिजला विचारलं का?

बुकित पंजांग, सिंगापूर
१२ डिसेंबर २०१३

ती. निशिकांतदादा,

तुला आणि वहिनींना स्मिताचा साष्टांग नमस्कार. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

क्षितिजला लष्करात हजर व्हायची तारीख आली आहे, फेब्रुवारीतली. आम्ही इथे कायम राहायचा परवाना, पीआर, घेतला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. इथल्या मुलांसारखी त्यालाही दोन वर्षं सक्तीची, हे तेव्हाच माहीत होतं. पण पाच वर्षांच्या पोराच्या खांद्यावर बंदूक कोणाला दिसते? विवेक म्हणतो, कबूल केलंय ते पाळायचं. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे.

दादा, एक मागते. तू फार आजारी आहेस असं क्षितिजला कळव. मामासाठी तो धावत पुण्याला येईल. एकदा आला की तिथेच कॉलेजात घालू. वहिनींना एवढ्यात सांगू नकोस. आणि कवळी लावत जा, फोटोत गाल बसलेले दिसतात.

तुझ्यावर हक्क सांगणारी,
स्मिता

पुणे
२६ डिसेंबर २०१३

चि. स्मितास अनेक आशीर्वाद.

कवळी टोचते. तुझं पत्र वहिनीनेच आधी फोडलं, तेव्हा गुपित काही राहिलं नाही.

आजाराचं मी कळवणार नाही. तो खरंच धावत येईल, म्हणूनच नाही. असा निघून आला तर पुन्हा तिथे पाऊल ठेवताच पकडतील त्याला. उद्या तुला काही झालं, तर पोराने तुझ्याकडे यायचं कसं?

रागावू नकोस, वहिनीने त्याला फोन केला. आधी इंग्रजीत, तिकडच्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून, सगळं ओके लाह, म्हणाला.  मग लष्कराच्या सरावात जंगलात राहायची भीती वाटते म्हणाला, पण पळून यायचं नाही. त्याचं घर तिथेच आहे. आणि मी गेल्यावर आईबाबा एकमेकांशी बोलतील का, असं त्याने मामीला विचारलं. तिला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही दोघं त्याच्यावरून भांडलात. त्याला कोणी विचारलं का?

राग उतरला की दोन ओळी टाक.
दादा

बुकित पंजांग
९ फेब्रुवारी २०१४

ती. दादा, नमस्कार.

राग उतरायला महिना लागला. मग क्षितिजला विचारलं. जातो म्हणाला, फक्त तू बोटीवर रडू नकोस.

काल त्याला तेकोंग बेटावर, लष्कराच्या छावणीत, सोडून आलो. आईबापांना तिथे मुलांबरोबर जेवू देतात. त्याने माझ्या ताटातली कोंबडीही खाल्ली. निघताना साऱ्या मुलांसमोर वाकून पाया पडला आणि चक्क मराठीत, येतो, म्हणाला. मी रडले नाही.

परतीच्या बोटीत विवेकला तुला काय लिहिलं होतं ते सांगून टाकलं. वाटलं, भडकेल.  पण तो म्हणाला, तारीख आली त्याच आठवड्यात त्याने स्वतःही पुण्यातल्या दोन कॉलेजांत चौकशी केली होती. मला कळलं तर मी हट्टच धरीन, म्हणून बोलला नाही. दादा, एका घरात राहून आम्ही दोघं वेगवेगळे घाबरत होतो.

त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जाववेना. इमारतीखालीच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, बसलो. कॉफी गार झाली, दुसरी मागवली. क्षितिज सोडून दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं, पण बोलत होतो.

वहिनींना सांग, त्याने फोनवर विचारलं होतं त्याचं उत्तर आता त्याला कळवा.

तुझी,
स्मिता