फोटोखालचं टेबल

११ एप्रिल २०१६

अर्जुनराव घरी आले. दूध संघाचे अध्यक्ष पायी चालत कुणाच्या घरी येतात म्हणजे एक तर निवडणूक असते, नाहीतर कायदा मागे लागलेला असतो. या वेळी कायदा! संघाच्या ऑफिसातल्या एका मुलीने लेखी तक्रार दिली आहे — हेडक्लार्क बद्रीनाथ दिवसभर तिच्याकडे टक लावून बघतो. त्यासाठी समिती हवी, आणि समितीत बाहेरची एक बाई हवी, असं वरून पत्र आलंय.

"वहिनी, तुमच्याइतकं शिकलेलं हाय कोन हितं? कॉन्व्हेंटातल्या तुमी. अन् संघात तुमच्या साहेबांचं नाव हाय. तुमी सही केली की कुनी बोलायचं न्हाई."

म्हणजे सही न्यायची, अक्कल घरी ठेवायची. मी हो म्हणाले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. अंबाजोगाईच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता टँकरची वाट बघते. त्यापेक्षा हे बरं.

१३ एप्रिल

पहिली बैठक. दूध संघात कोरा चहा! चारा छावणीतल्या गाई पाणी पिऊन पाणीच देणार, दूध कुठून आणतील?

समितीच्या प्रमुख विमलबाई. दुधाचं फॅट तपासतात. "दुधात पानी किती ते सांगते मी, मानसाचं मला न्हाई कळत," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. प्रामाणिक बाई. दुसरे राधाकिशन, हिशेबनीस. त्यांचा पहिलाच प्रश्न —

"नुसतं बघतोय ना? हात तर लावला न्हाई?"

"मग हात लागेपर्यंत आपण चहा पीत थांबायचं का?" मी विचारलं.

त्यावर ते म्हणाले, रोज किती मिनिटं बघतो ते मुलीला लिहून आणायला सांगा. गारपिटीच्या पंचनाम्यासारखं! नुकसान तेहतीस टक्क्यांच्या खाली असेल तर बाई कोरडी परत.

पण इथे खोटं कशाला लिहू? मलाही हे जरा अतीच वाटतं. बघितलं, म्हणून थेट कागद? आमच्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, कुणी टक लावली तर आपण दुप्पट लावायची, समोरचा पहिल्यांदा डोळे मिटतो. या मुलींना दम कसा तो नाही. साहेबांच्या वेळी सुंदर नावाची टायपिस्ट होती. अकरा महिन्यांत नोकरी सोडून मोकळी! कारण काही नाही. मी तिला भर बाजारात झापलं होतं — पंख्याखालची खुर्ची सोडून कापूस वेचायला जातेस? ती नुसती माझ्याकडे बघत उभी. घरी आल्यावर साहेब म्हणाले, "मुलींचं असंच असतं."

साहेब म्हणजे आमचे हे, शिवलिंगप्पा. संघाचे पहिले मॅनेजर. अख्खा तालुका साहेब म्हणायचा, मग मीही म्हणू लागले. जाऊन सात वर्षं होतील. वीस वर्षं त्या ऑफिसात बसले, पण बाईमाणसाकडे मान वर करून बघितलं नाही. दर शनिवारी मी डबा घेऊन जायची. बघावं तेव्हा मान खाली, पेन चालू. हे बद्रीनाथ वगैरे कुठल्या मातीचे आले!

१८ एप्रिल

गंगासागरची जबानी. चोवीस वर्षांची. दुधाच्या नोंदी करते. सडपातळ, आवाज खाली. मी मनाशी म्हटलं, आता रडणार. रडली नाही.

"बाई, ते काई बोलत न्हाईत. पेन थांबतं."

कळलं नाही. विमलबाईंनाही नाही.

"खोलीत त्यांच्या पेनाचा आवाज असतो ना, कर्र कर्र. मी पदर सारखा केला, की थांबतो. फाईल काढायला वाकले, की थांबतो. बाटली तोंडाला लावली, की थांबतो. माझं झालं, की परत सुरू. म्हनून मी पानी प्यायचं सोडलं."

"कधीपासून?"

"संक्रातीपासून. साडेदहा ते साडेपाच न्हाई पीत."

राधाकिशन म्हणाले, "दुष्काळच हाय, वाचलं तेवढं."

विनोद होता तो.  मुलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. अंबाजोगाईच्या डॉक्टरची चिठ्ठी. लघवीला जळजळ, मुतखड्याची सुरुवात. भरपूर पाणी प्या, असं खाली दोन रेघा मारून लिहिलेलं.

घ्या मिनिटं मोजून.

१९ एप्रिल

टँकर आला नाही. घागरीत तळाशी चार पेले. एक प्यायले, आणि पिताना उगाच कान देऊन ऐकत बसले.

२५ एप्रिल

बद्रीनाथची जबानी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर भस्म, चेहऱ्यावर सत्यनारायण नुकताच आटोपल्याचं समाधान. चौपन्न वर्षांचा. आल्या आल्या मला वाकून नमस्कार.

"म्याडम, मी त्या पोरीकडं कशाला बघू? तिच्या डोस्क्यावर साहेबांचा फोटो हाय. मी साहेबांकडं बघतो. त्यांच्या शेजारी बसून काम शिकलो मी. दिवसातून चारदा त्यांचं तोंड बघितल्याबिगर पेन चालत न्हाई माझं."

राधाकिशनने डोळे पुसले. विमलबाई माझ्याकडे बघू लागल्या. आणि मी — लाज वाटते लिहायला — मी सुखावले! त्या फोटोला दरवर्षी हार मीच घालते. कुणीतरी त्याच्याकडे बघतं, याचंच बरं वाटलं.

अहवालाचा मसुदा अर्जुनरावांकडे तयारच होता. काय ही तत्परता. टँकरला लावली असती तर गाव न्हालं असतं. 'सबळ पुरावा आढळला नाही. तथापि मुलीच्या हितासाठी तिची धारूरच्या शीतकरण केंद्रात बदली करावी.' त्या केंद्राला फेब्रुवारीपासून कुलूप आहे. मुलीने दोन एसट्या बदलून जायचं आणि कुलपाकडे बघत बसायचं. महिनाभरात स्वतःच राजीनामा देईल. तेच हवंय.

सोमवारी, दोन मेला सह्या.

२७ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता ऑफिसात गेले. बद्रीनाथच्या खुर्चीत बसले. साहेबांचं दर्शन घ्यावं म्हणून मान वर केली.

साहेब दिसेनात!

मधे छताला साखळ्यांनी टांगलेली पाटी — 'सहकारातून समृद्धी'. त्या खुर्चीतून फोटो सबंध तिच्यामागे जातो. मान डावीकडे, उजवीकडे, सगळं करून बघितलं. समृद्धी काही हलेना. आणि पाटीच्या खालून काय दिसतं? गंगासागरची खुर्ची. वेणीपासून चपलेपर्यंत. बाकी सगळी टेबलं भिंतीला लागून, दाराकडे तोंड करून. हे एकच या खुर्चीच्या बरोबर समोर. आणि या एकाच टेबलाला पाय झाकणारी पुढची फळी नाही.

राधाकिशन डबा धुऊन आले, मला त्या खुर्चीत बघून दचकले.

"हे टेबल असं कुणी लावलं?"

"पयल्यापासून तिथंच हाय, म्याडम. लेडीज टेबल म्हनत्यात त्याला."

"आणि फळी? तीही पहिल्यापासूनच गायब? कोण हो हा कारागीर? सत्कार करू त्याचा!"

राधाकिशन डब्याचं झाकण पुसत राहिले. आधीच कोरडं होतं ते.

२९ एप्रिल

अर्जुनरावांना तोंडावर सांगितलं, मसुद्यावर सही करणार नाही.

"वहिनी, बघायला काय टॅक्स हाय का? डोळे हायेत, जानारच."

"तुमच्या घरातल्या लेकीसुनांना नेऊन बसवू का त्या टेबलाशी? एकच दिवस."

अर्जुनराव चहा अर्धा टाकून गेले. कायद्याचं पुस्तक दोनदा वाचलंय मी. नकोसं वागणं शब्दावाचून केलं तरी ते छळातच येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण राधाकिशन अडून बसले — "साक्षीदार कुठंय?"

साक्षीदार आहे. छबुबाई. तीस वर्षं त्या खोलीत झाडू मारते, पाणी देते. तिला गाठलं, तर ती मान हलवत म्हणाली, "तुमच्यापुढं न्हाई बोलता येत, बाई."

अध्यक्षांना घाबरली असणार. मी म्हटलं, "मी आहे ना तुझ्या पाठीशी. तुला साहेबांची शपथ आहे. काय बघितलं ते सगळं सांगायचं, पहिल्यापासून."

छबुबाई म्हणाली, "बगा बरं. तुमीच शपथ घातली."

२ मे

छबुबाई बोलली. विमलबाईंकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

"टेबल साहेबांनी लावलं. त्या खुर्चीवर तवा साहेबच बसायचे. सुंदर आली, तवा सुताराला बोलवून पुढची फळी काढली. साहेबांचं बी पेन थांबायचं तसंच. शनिवारी बाई डबा घिऊन यायच्या, तेवढाच दिवस पेन चालू असायचं. बद्रीनाथ शेजारी बसून समदं बगायचा. तितंच शिकला."

राधाकिशन हळूच म्हणाले, "म्याडम, साहेबांचं नाव वगळू या. गेलेलं मानूस."

मी म्हटलं, जसं बोलली तसं लिहा.

खाली मी लिहिलं : हा छळच आहे. धारूरला बद्रीनाथला पाठवा. सही करताना माझं पेन थांबलं. मग केली. साहेबांचंच आडनाव.

निघताना छबुबाईकडून सुंदरचा पत्ता मागून घेतला.