घरात न चालणारं पुस्तक

३ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक गेलं! हे स्वतः जाऊन ग्रंथालयात देऊन आले. लेकीचं कार्डही यांच्याच खिशात.

रविवारी नाश्त्याला प्रत्येकानं आठवड्यात काय वाचलं ते सांगायचं, ही पद्धत यांचीच. ‘आमचं वाचणारं घर’ — पाहुण्यांसमोर छाती फुगवून सांगतात. स्वतः यशस्वी माणसांचे नियम सांगतात. पुस्तक दर वेळी वेगळं, नियम तेच. सासूबाई पेपरातल्या निधनवार्ता सांगतात. मी ‘काही नाही’ म्हणते आणि चहा ओतते.

आज लेक रंगात आली होती. तिच्या कादंबरीतली बाई एक दिवस बॅग भरते, नवऱ्याचं घर सोडते, दुसऱ्या गावात चष्म्याचं दुकान काढते.

‘मारायचा का नवरा?’ यांनी विचारलं.

‘नाही ना बाबा, तेच तर! चांगला होता. फक्त तिला कधी कुणी काही विचारलंच नाही.’

झालं! यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘असली पुस्तकं या घरात चालायची नाहीत!’

‘चाळीसच पानं राहिलीत, बाबा.’

‘राहू देत.’

सासूबाई मान खाली घालून ब्रेड चहात बुडवत राहिल्या. आणि मी? मी बश्या उचलल्या. लिहायलासुद्धा लाज वाटते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

लेक बोलत नाही. यांच्याशी नाही, माझ्याशीही नाही. माझ्याशी का नाही, ते मला बरोबर कळतंय.

६ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत शिवणाचं मशीन बंद केलं आणि दुकानातून तडक ग्रंथालयात! लग्नानंतर पहिल्यांदा. एकोणीस वर्षं इतरांच्या पँटी आखूड करण्यात आणि ब्लाउज उसवण्यात गेली.

‘कोणतं हवंय?’ ग्रंथपाल बाईंनी विचारलं. नावच माहीत नव्हतं!

‘निळं. बाई चष्म्याचं दुकान काढते ते.’

‘अहो, ते रविवारीच परत आलं. एक गृहस्थ टेबलावर आपटून गेले.’

‘ते आमचेच.’

बाई खो खो हसल्या. मीही. नवं कार्ड केलं — माझ्या नावाचं. सही करताना दोनदा मागे वळून पाहिलं. भीतीनं नाही. बरं, थोडं भीतीनंही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रायल रूममध्ये स्टुलावर बसून वाचते. आज एका पँटला चेन उलटी लावली. मालकीण ओरडली. ओरडू दे खुशाल! कादंबरीतली बाई एकदाची गाडीत बसली आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

‘आणि तू?’ हे माझ्याकडे न बघताच विचारतात. उत्तर ठरलेलं ना! मी मांडीवरचं पुस्तक उचलून बशीशेजारी ठेवलं.

‘हे मी परत केलं होतं.’

‘हो. मी परत आणलं.’

‘कशाला?’

‘वाचायला.’

‘माझ्या शब्दाला या घरात काही किंमत आहे की नाही?’

‘आहे की! प्रत्येकानं वाचावं आणि सांगावं, हा तुमचाच शब्द. मी वाचलंय. आता सांगते, ऐका.’

आणि सुटलेच. तोंड थांबेना. चाळीस पानं उरली तेव्हा लेकीला विचारलं, ‘शेवट सांगू का गं?’

‘नको! मी वाचणार आहे!’ आठवड्यातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

‘उद्या तूही दुकान काढशील,’ हे म्हणाले.

‘चष्म्याचं नाही. शिवणाचं काढेन.’

तोंडात कुठून आलं कोण जाणे! पण आलं. आणि खोटं वाटलं नाही.

‘दे इकडे ते.’ यांनी हात पुढे केला. मी पुस्तक लेकीच्या हातात दिलं — त्यांच्या डोळ्यांदेखत. हे ताडकन उठून गॅलरीत गेले. चहा तसाच.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

यांचा रुसवा अजून तसाच. आज डबा न घेता गेले. मीच खाल्ला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लेकीचं वाचून झालं. पुस्तक फ्रिजवर ठेवलं होतं. कामावरून येऊन बघते तर गायब!

यांना विचारलं. ‘मी हातसुद्धा लावलेला नाही!’ म्हणे. विश्वास ठेवू? मी सरळ सांगितलं — ‘फेकलं असेल तर भरपाई देऊन दुसरं आणीन. तेही फेकलंत तर तिसरं.’ लेक शेजारी येऊन उभी राहिली.

हे खरंच गोंधळल्यासारखे दिसले. नाटकं!

१७ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक सासूबाईंकडे होतं. पदराखालून काढून यांच्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, ‘तू चौथीत असताना तुझ्या वडिलांनी हेच माझ्या हातातून ओढून शेगडीत घातलं. एकशे बारा पानं झाली होती माझी. दोन दिवसांत पुन्हा तिथवर आले. पुढचं तू वाच. मोठ्यानं.’

यांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पान शोधलं, घसा खाकरला आणि वाचायला लागले.