टॉफीवर बसवलेले ब्रॅकेट

४ फेब्रुवारी १९९२
प्रज्ञाच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल पुरं. वरच्या दातांचे दहा ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारे धातूचे चिमुकले तुकडे, टॉफी वितळवून मॉडेलवर चिकटवले. निवांत काम. तोंडात एकेक लावायचा म्हणजे लाळ, जीभ, पेशंटची मान, सगळ्यांशी भांडण. मॉडेल कॅम्प तीनला हरेशच्या लॅबमध्ये दिलं. तो वरून रबराचा साचा करेल. टॉफी गरम पाण्यात धुतली की साचा ब्रॅकेटसकट तिच्या दातांवर.

७ फेब्रु.
साचा एका दमात बसला. दहाच्या दहा. तारही बांधली. स्वतःवर खूश. प्र.चे वडील एमआयडीसीतून शिफ्ट करून थेट आलेले. म्हणाले, "जूनमध्ये डी.एड.ला जाणार ती. पोरांसमोर उभं राहायचंय."

६ मार्च
प्र. आरशात बघून म्हणाली, "मॅडम, हे सुळे आधी सरळ होते ना?" होते. तोवर मला दिसलं होतं. उजव्या सुळ्याचा ब्रॅकेट डावीकडे, डाव्याचा उजवीकडे, म्हणून तार दोन्ही सुळे तिरके ओढतेय. "दात हलताना होतं असं," म्हटलं. तीच तार परत बांधली. बाहेर वडील बसले होते.

७ मार्च
कॅम्प तीन. हरेशने आधी चहा मागवला. मग, "मुंग्या लागल्या होत्या, मॅडम. टॉफी खा गये. सकाळी बघतो तर चार ब्रॅकेट टेबलपे. तुमच्या पेन्सिलच्या लाईनवरच परत लावले ना."
"मग सांगायचं तरी."
"आप तो देखोगे ही, असं वाटलं."
खरंय. साचा उलटा करून ब्रॅकेटवरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा बघायच्या असतात. नाही बघितल्या. मुंग्यांवर किती ढकलणार.

१२ मार्च
प्र.ला निरोप पाठवायचा राहिला. राहिला कसला, पाठवला नाही. लाज वाटते. तार तिकडे रोज आपलं काम करतेय.

१६ मार्च
पाठवला. एकटीच आली. सगळं सांगितलं. दोन्ही काढून परत लावायचे, दोनेक महिने जास्त लागतील. आरसा घेऊन सुळे पाहिले तिने. मग, "मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"
"हो."
खुर्चीतून उठली. "बाबांना विचारून सांगते."

२४ मार्च
आली नाही. पालेगावला तिच्या घरी स्वतः जावं का... जाऊन काय म्हणणार.
ब्रॅकेट चांगले पक्के बसवलेत मी. आपोआप निघणार नाहीत.