बॉयलरमागची बाटली

वाइनच्या दुकानात स्वस्त बाटल्या उभ्या असतात आणि जपून ठेवायच्या बाटल्या आडव्या, हे आपण पाहिले असेल. असे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. उत्तर माझ्या व्यवसायातले आहे, म्हणून आधी तेच सांगतो. बूच झाडाच्या सालीचे असते. आतून वाइनने भिजलेले राहिले की ते फुगून काचेला घट्ट बसते. कोरडे पडले की आक्रसते आणि फटीतून हवा आत शिरते. मी एकतीस वर्षे कारखान्यात पंपांची सील तपासली आणि हा नियम कित्येक शिकाऊ इंजिनिअरांना समजावला. स्वतःच्या घरी मात्र मोडला. हे मृत्युपत्र नव्याने लिहिण्याचे कारण तेच आहे.

मी, श्रीधर दत्तात्रय आगरकर, वय ६९, मूळचा सांगलीचा, १९७१ पासून न्युरेम्बर्गचा रहिवासी, हे सर्व स्वहस्ते लिहीत आहे, कारण इथल्या कायद्याला नोटरीशिवायचे टंकलिखित मृत्युपत्र चालत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली आहे आणि मला कोणीही भरीस पाडलेले नाही. पत्नी शोभना हिने "अहो, अक्षर सुवाच्य काढा" एवढाच दबाव आणला.

१. दिनांक १८ मे २००१ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात एकुलती एक मुलगी मुक्ता हिला कायद्याने नाकारता येत नाही तेवढाच वाटा ठेवून शोभनाच्या पश्चात घर पुण्यातील एका संस्थेला दिले होते. कारण तेव्हा लिहिले नव्हते. ते असे, की त्याच्या आदल्या आठवड्यात मुक्ताने ड्युसेलडॉर्फच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाहनोंदणी कचेरीत, फोल्कर या सुतारकाम करणाऱ्या तरुणाशी लग्न केले. आधी आपले विधी झाले तरच येईन, असे मी पत्राने कळवले होते. विधी झाले नाहीत. शोभना बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन एकटी रेल्वेने गेली. मी घरी बसलो.

२. आता बाटलीविषयी. ती इथल्याच फ्रांकन भागातली, चपट्या पोटाची, मुक्ताच्या जन्मवर्षाची म्हणजे १९७६ ची गोड वाइन. १९७८ साली आणली आणि तळघरात आडवी ठेवली. मुक्ताच्या खास दिवशी उघडायची, असे ठरले. तिची आबिटुर म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा झाली तेव्हा मी म्हणालो, अजून मोठे काही होऊ दे. पदवी मिळाली तेव्हाही तेच. शोभना म्हणायची, "अहो, खास दिवस म्हणजे नेमका कोणता, ते एकदा कागदावर तरी लिहा." मी खरोखरच निकषांची यादी करायला बसलो होतो.

१९८८ साली माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली. गणपतीच्या जेवणात माझे सहकारी शिरीष यांनी तिच्यासमोर विचारले, "काय रे, ती बाटली आहे ना अजून?" मी गडबडून म्हणालो, "व्हिनेगरची बाटली म्हणतोय तो." दुसऱ्या दिवशी आईने खिडक्यांच्या काचा पुसायला ती मागितली. तेव्हा मी ती बॉयलरमागच्या अरुंद फटीत लपवली. तिथे ती उभीच मावत होती. आई परत गेली, पुढे दर दोन वर्षांनी येत राहिली, मग वारली. बाटली तिथेच राहिली, उभी आणि उबेत. मुक्ताच्या लग्नाच्या दिवशी मी खाली जाऊन ती पाहिली. पुन्हा तिथेच ठेवली.

गेल्या शनिवारी बॉयलर बदलायचा म्हणून सामान हलवायला शोभनाने मुलगी-जावयाला बोलावले. मुक्ताने बाटली काढली आणि लहानपणी मी शिकवले होते तशी वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. तासाभरात कागद भिजला. "बाबा, आता उघडायलाच हवी," ती म्हणाली.

बूच इतके ठिसूळ झाले होते की स्क्रूने त्याचा भुगाच झाला असता. फोल्करने नेहमीच्या अदबीने विचारले, "हेर आगरकर, तुमच्याकडे पोलादाच्या पातळ पट्ट्या आहेत?" फटी मोजायच्या माझ्या पट्ट्यांपैकी दोन त्याने बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवल्या आणि हळूहळू फिरवत ते अख्खे बाहेर काढले. सहा वर्षांत त्या माणसाचे हात मी प्रथमच नीट पाहिले.

वाइनचा रंग कोऱ्या चहासारखा, वास मनुकांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा. पहिल्या घोटात मध होता, दुसऱ्यात नव्हता. शोभनाने चमचाभर चाखून "काकवीत पाणी घातलंय" असा निकाल दिला. एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी मुक्ता मराठीत म्हणाली, "बाबा, सहा वर्षांपूर्वी घेऊन आला असतात ना, तेव्हा चांगली लागली असती."

मी तिचा पेला पुन्हा भरला. उत्तर पुढील कलमात आहे.

३. घर, बँकेतील ठेवी आणि सांगलीच्या फ्लॅटमधील माझा हिस्सा शोभनाकडे, आणि तिच्या पश्चात संपूर्णपणे मुक्ताकडे जावा. कोणतीही अट नाही. हे वाक्य मी कच्च्या मसुद्यात तीनदा लिहिले. पहिल्या दोन्ही वेळा अट आपोआप उमटली होती.

४. माझी सर्व हत्यारे, व्हर्नियर कॅलिपर आणि त्या पट्ट्यांसह, फोल्करला. पट्ट्यांना तेलाचा हात लावून ठेवावा. त्याने मला 'डू' म्हणजे 'तू' म्हणावे, हे त्याच संध्याकाळी सांगून झाले आहे. तो अजून अडखळतो.

५. शिरीष यांना, १९८८ चा राग सोडून, माझा न वापरलेला बूचस्क्रू.

६. रिकामी बाटली कोणीही जपून ठेवू नये. ती जुनी काच गोळा करण्याच्या कंटेनरमध्ये टाकावी.

७. सहीखालचा मजकूर इथे ग्राह्य धरत नाहीत, म्हणून ही चाचणी सहीच्या वर लिहितो. आपण कोणासाठी एखादी बाटली राखून ठेवली असेल, तर आज ती वर्तमानपत्रावर आडवी ठेवा आणि तासाभराने पाहा. कागद भिजला असेल तर ती आजच उघडा. कोरडा असेल तर ज्याच्यासाठी ठेवली त्याला फोन करा आणि "कधी येऊ?" असे विचारा. 'कधी येतोस' नव्हे. जमते का पाहा.

न्युरेम्बर्ग, रविवार, १४ ऑक्टोबर २००७
(सही) श्रीधर दत्तात्रय आगरकर

इथे साक्षीदार लागत नाहीत. आपल्या पद्धतीप्रमाणे घेतले आहेत. दोघांनाही यातून काही मिळत नाही.
(सही) कुमार श्रीरंग पटवर्धन, शेजारी
(सही) सुमेधा कुमार पटवर्धन