सख्ख्या भावाचं रक्त

पोंभुर्णा,
११ जानेवारी २००७

प्रिय विशाखा,

जयभीम. रविवारी तू ताटावरून उठून गेलीस, तेव्हापासून तुझा फोन नाही. मीही केला नाही. बूथवर मागे माणसं ताटकळत असतात, आणि जे बोलायचं आहे ते त्या खोक्यात उभं राहून बोलता येण्यासारखं नाही. सकाळची वंदना आटोपली, भात चढवला आणि लिहायला बसले.

आधी एक सांगते. यशपालरावांवर राग धरू नकोस, आणि त्यांच्या आईवर, कांताबाईंवर, तर मुळीच नको. तुझं लग्न जमवताना आपण पत्रिका नाही, सिकलसेलची कार्डं पाहिली. लोक हसले, हसू दिलं. तुझं कार्ड पिवळं, म्हणजे दोष रक्तात आहे पण दुखणं नाही. म्हणून समोरच्याचं रक्त निर्दोष पाहिजे, एवढीच माझी अट. त्यांचं तसं निघालं तेव्हा मी विहारात खीरदान केलं होतं. आता तुला दिवस गेल्यावर त्यांचं रक्त पुन्हा तपासलं तर तेही पिवळे निघाले, आणि उलगडलं की गावात शिबिर आलं त्या दिवशी यशपालराव कारखान्यात पाळीवर होते आणि कांताबाईंनी धाकट्या मुलाला त्यांच्या नावावर बसवलं. परवा त्या इथवर येऊन रडल्या. "बाई, सख्खे भाऊ, एकाच पोटचे. रक्त वेगळं राह्यते हे मले कोण सांगणार होतं?" मी त्यांना काय बोलणार? माझ्याच पोटचे तुम्ही दोघं, तू पिवळी आणि प्रफुल लाल, म्हणजे दुखणंच अंगात.

तुला आठवत असेल, प्रफुल रांगता होता तेव्हा त्याचे पंजे सुजायचे. तुझी आजी म्हणायची, वात आहे, मोहाचं तेल चोळा. मी चोळायची, तो किंचाळायचा, आणि मी आणखी जोरात चोळायची, बरं व्हावं म्हणून. शाळेत जायला लागल्यावर चंद्रपूरच्या डॉक्टरांनी थेंबभर रक्त काचेखाली पाहिलं आणि म्हणाले, याच्या रक्ताच्या पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, तेच दुखतं. मग तुझ्या बाबांचं आणि माझं रक्त घेतलं. दोघंही पिवळे. कोणाचं पाप नाही, कोणाची नजर नाही. माझ्याकडून एक दाणा आला, त्यांच्याकडून एक आला, आणि दोन्ही एका पोराच्या ओंजळीत पडले. डॉक्टर म्हणाले होते, चारात एक. मी घरखर्च लिहिणारी बाई, मला वाटलं एक आजारी झाला म्हणजे पुढचे तीन मोकळे. तसं नसतं ग. प्रत्येक खेपेला वही कोरी उघडते, मागची बाकी पुढे ओढता येत नाही.

तुझ्या पोटातल्या बाळाच्या नागपूरच्या तपासणीचं यशपालरावांनी मला समजावून सांगितलं. वारेचा बारीकसा तुकडा घेतात आणि बाळाकडे आईचं काय आलं, बापाचं काय आलं, ते जन्माआधी कळतं. तूही हे जाणतेस, जायला तयारही होतीस. पण आता जायचंच नाही म्हणतेस, असं ते परवा सांगत होते. का नाही, ते मला माहीत आहे. रविवारी तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, "आई, मले प्रफुलसारखं लेकरू नको." तट्ट्याच्या भिंतीपलीकडे तो कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होता. त्याची खरखर एकदम थांबली. ती तुलाही ऐकू आली, मलाही.

मी रोज सकाळी पहिलं शील घेते, जीव घेणार नाही म्हणून. त्यामुळे तू तपासणीचं काढलंस तेव्हा मी तोंड फिरवलं. आजही माझ्या मनाचा निवाडा झालेला नाही, खोटं कशाला लिहू. पण थंडीच्या दिवसांत तळमळणाऱ्या पोराजवळ बसून मी हेही पाहिलं आहे की दुःख आहे म्हणणं सोपं आणि ते उशाशी घेऊन बसणं वेगळं. निकाल काय येईल आणि पुढे काय करायचं, हे तुमचं दोघांचं. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. तुझ्या बाजूला बसेन.

आता पत्राचं खरं कारण. काल प्रफुलचं मनगट दुखण्यानं धरलं. मी कापड गरम करून शेकत होते. तो मध्येच म्हणाला, "आई, तवा ही तपासणी असती, तर तू काय केलं असतं?" मी कापड पुन्हा गरम करून त्याच्या मनगटावर ठेवलं. मग म्हटलं, बाबू, तेव्हा आम्हाला काही माहीतच नव्हतं, म्हणून तू मला मिळालास. तो हसला. म्हणाला, "म्हणजे तुमच्या अडाणीपणानं माझं भलं केलं. पण ताईले तं माहीत आहे ना. तिनं काऊन डोळे झाकावे?" आणि पुढे म्हणाला, "तिनं माझं दुखणं नको म्हटलं, मले नको नाई म्हटलं. येवढं मले समजते." हे तुला त्यालाच लिहायचं होतं, पण पेन धरवेना, म्हणून मी लिहिते आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, घरात लाल कार्डाचं कोणी असेल तर त्याचंही रक्त आणा, बाळाच्या नमुन्याशेजारी ठेवून पाहायला बरं पडतं. तो येतो म्हणतो. थंडी आहे, नको म्हटलं, तर म्हणाला, "तिकडं भावाच्या बदली भाऊ बसला अन् घोटाळा झाला. इथी भाऊ स्वतःच्याच नावानं बसते." मंगळवारी पहिल्या बसनं आम्ही दोघं बल्लारपूरला येतो, तिथून रेल्वेनं सगळे मिळून जाऊ. स्टेशनवर ये. त्याला पाहून रडू नकोस. त्याची शाल मी विसरेन कदाचित, तेवढी एक घेऊन ये.

तुझी आणि त्याचीही,
आई